थिबा राजवाडा : वास्तू आणि वास्तव्य

रत्नागिरीत भाट्ये खाडीच्या बाजूला टेकडीवर उभा असलेला थिबा राजवाडा पाहताना सहज असा समज होतो, की ब्रह्मदेशाच्या राजाने आपला सारा बंदिवास याच वास्तूत घालवला. सनावळीचा हिशेब मांडला म्हणजे मात्र निराळेच चित्र समोर येते.

ब्रह्मदेशावर १७५२ पासून कोनबाँग घराण्याची सत्ता होती. थिबा हे त्या घराण्याचे अखेरचे राजे. १८७८ मध्ये ते मंडालेच्या गादीवर आले आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. राजे, राणी सुपायालत, तिची धाकटी बहीण व सवत सुपायागले आणि लहान राजकन्या यांना प्रथम मद्रासला व एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. त्या वेळी राजांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. रेल्वे नसलेले आणि पावसाळ्यात बोटीही बंद पडणारे हे बंदर सरकारला सोयीचे वाटले असल्यास नवल नाही.

राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये. तोवरची २४ वर्षे हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यात राहिले. उत्पन्न सरकारी तनख्याचे आणि रीत मात्र दरबाराची. त्यामुळे सोबत आणलेली माणके व दागिने हळूहळू विकले गेले. मिळकत आटली तरी मोठेपणाचा खर्च आटत नाही, हे व्यापारी घराण्यांना सांगावयास नकोच.

नव्या वाड्यातील सुख अल्पजीवी ठरले. १९१२ मध्ये सुपायागले निवर्तली. डिसेंबर १९१६ मध्ये राजांचे निधन झाले. म्हणजे ज्या वाड्याला त्यांचे नाव लाभले, तेथे त्यांचे वास्तव्य जेमतेम सहा वर्षांचे. पार्थिव मायदेशी नेण्याची राणीची इच्छा सरकारने मान्य केली नाही. १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधी बांधली गेली आणि त्याच वर्षी राणी रंगूनला परतली. पुढे वाडा सरकारी उपयोगात आला. आज तेथे शासनाचे प्रादेशिक संग्रहालय आहे.

हिशेबातील शेवटची नोंद वाड्याबाहेरची आहे. थोरल्या राजकन्येचे मन वाड्याचे दरवान गोपाळ सावंत यांच्यावर जडले होते. १९०६ मध्ये, म्हणजे वाडा उभा राहण्यापूर्वीच, तिला टूटू ही कन्या झाली. रंगूनला गेलेली ही राजकन्या मुलीसह रत्नागिरीस परतली आणि १९४७ मध्ये येथेच हलाखीत वारली. टूटूने येथेच संसार केला, मुले वाढवली आणि मराठी हीच तिची भाषा झाली. २००० मध्ये ती वारली.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन गेले. पाहुणे वाडा आणि समाधी पाहतात. राजाची नात मात्र याच गावाच्या साध्या वस्तीत आयुष्य काढून गेली. रत्नागिरीत राजकुळाचे सर्वांत दीर्घ वास्तव्य कोठे झाले, असे कोणी विचारल्यास वाड्याकडे नव्हे, त्या घराकडे बोट दाखवावे लागेल.