वाफेवरचा बटाटा

चऱ्होलीच्या बाजारात पावसाळ्यात मेथी महागते, हिवाळ्यात गवार कमी दिसते, पण बटाटा बाराही महिने असतो. इंद्रायणीकाठची चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. नदीपलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात आहे. शेजारी आळंदी आणि पुढे चाकणचे कारखाने, त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात बटाट्याला दोन हक्काच्या जागा आहेत. एक एकादशीच्या ताटात, दुसरी पहिल्या पाळीच्या डब्यात.

असं असूनही बटाट्याइतकी बदनाम भाजी दुसरी नाही. वजन वाढतं, साखर वाढते, पोटात वात धरतो, असं त्याच्याबद्दल घरोघरी बोललं जातं. या तक्रारींमधला बराचसा दोष कंदाचा नसून कढईचा आहे. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बटाट्याच्या साध्या रीती आरोग्याला उत्तम आहेत, आणि त्या का उत्तम आहेत हे आता शास्त्रालाही नीट सांगता येतं.

अँडीजपासून सातगाव पठारापर्यंत

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. टिटिकाका सरोवराच्या परिसरात सुमारे ८,००० वर्षांपूर्वी माणसाने त्याची लागवड सुरू केली. वांगं, टोमॅटो आणि मिरची ही त्याची भावकी. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि हळूहळू देशभर पसरला. आज बटाट्याच्या उत्पादनात चीननंतर भारताचाच क्रमांक लागतो.

या पिकाला रात्रीचा गारवा लागतो. मातीतला कंद चांगला पोसायला २० अंशांच्या आतलं तापमान मानवतं, म्हणून देशात बहुतेक ठिकाणी बटाटा हिवाळ्यात घेतात. पुणे जिल्ह्यात मात्र एक वेगळीच गोष्ट घडते. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव, कारेगाव अशा गावांत खरिपातला, म्हणजे ऐन पावसाळ्यातला बटाटा पिकतो. उंचीवरची हवा आणि निचऱ्याची जमीन त्याला साथ देते. जूनच्या आसपास लावलेला बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो आणि मंचर, चाकणच्या बाजारांकडे जातो.

शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने देशाच्या वेगवेगळ्या हवामानांसाठी जाती तयार केल्या. 'कुफरी ज्योती' १९६८ साली आली. दख्खनच्या पठारासाठी निवडलेली, थोड्या दिवसांत तयार होणारी 'कुफरी लवकर' १९७२ साली आली. 'चिप्सोना' जातीत साखर कमी आणि घनभाग जास्त असतो, म्हणून वेफर्सचे कारखाने ती मागतात. घरी इतकं जातवार पाहायची गरज नाही, नवा की जुना एवढं ओळखता आलं की पुरे. अंगठ्याने चोळल्यावर साल सुटते तो नवा. त्याच्या फोडी रश्श्यात अखंड राहतात. जाड सालीचा जुना बटाटा उकडल्यावर पिठूळ होतो, तो कुस्करून करायच्या भाजीला आणि भरिताला चांगला.

पोषणाचा हिशेब

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७९ ग्रॅम पाणी असतं. पिष्टमय पदार्थ १७-१८ ग्रॅम, प्रथिनं आणि तंतू प्रत्येकी दोन ग्रॅमच्या आसपास, आणि चरबी जवळजवळ नाही. ऊर्जा साधारण ७७ कॅलरी. त्यातच ४०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम आणि सुमारे २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. हाच बटाटा लांब काप करून तळला की १०० ग्रॅमला ३०० कॅलरींच्या पुढे जातो आणि वेफर्स झाला की ५०० ओलांडतो.

हे कसं होतं? तळणीत पडलेल्या फोडीतलं पाणी वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर पडतं. वाफ जोरात असेतो तेल फारसं आत शिरत नाही. फोड झाऱ्यावर आली, गार होऊ लागली, की तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक पोकळ्या लागलेलं तेल आत ओढून घेतात. म्हणजे तळताना आपण बटाट्यातलं पाणी काढून त्याच्या जागी तेल भरतो.

पोट भरण्याच्या गुणात तर बटाटा आघाडीवर आहे. सिडनी विद्यापीठाच्या सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापात खायला देऊन कशाने पोट किती भरल्यासारखं वाटतं हे तपासलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले. सगळ्यांत वरचा क्रमांक त्याचाच होता.

झाकणावरचं पाणी

बटाट्याच्या काचऱ्या ही आपल्या घरातली सगळ्यांत हुशार पाककृती आहे. चार माणसांसाठी अर्धा किलो बटाटे घ्यावेत. साल पातळ आणि स्वच्छ असेल तर ठेवावी, पातळ काप करून एकदा पाण्यातून काढावेत. भांड्यात तळाशी पांढरं बसतं ते वरवरचं पिष्ट, ते गेलं की काप एकमेकांना आणि कढईला चिकटत नाहीत. काप तासन्‌तास मात्र भिजवू नयेत, कारण क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम त्याच पाण्याबरोबर जातं.

लोखंडी कढईत दोन चहाचे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, त्यावर काप आणि मीठ. वर खोलगट झाकण, आणि झाकणात वाटीभर पाणी. आच मंद. या पाण्यामुळे झाकण गार राहतं. कापांतून निघालेली वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होते आणि कढईत पडते. चार-पंचमांश पाणी असलेला बटाटा अशा रीतीने आपल्याच पाण्यात शिजतो, म्हणून तेल फक्त फोडणीपुरतं लागतं. आठ-दहा मिनिटांनी काप सुरीने सहज तुटला की झाकण काढावं, उरलेली वाफ जाऊ द्यावी आणि कडा सोनेरी होईपर्यंत परतावं. दोन चमचे तेलाच्या ८०-९० कॅलरी चौघांत वाटल्या जातात.

सोनेरी म्हणायचं ते जाणूनबुजून. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले-तळले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. बटाट्यातलं अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्या संयोगातून ते बनतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध आढळला आहे. काप जितके करपवाल तितकं ते वाढतं. उकडलेल्या आणि वाफवलेल्या बटाट्यात ते जवळपास नसतंच.

सालीसकट उकडा, आंबट शेवटी घाला

बटाटे उकडताना अख्खे, सालीसकट उकडावेत. सोलून फोडी केल्या की पाण्यात विरघळणारी सत्त्वं अनेक बाजूंनी बाहेर पडतात. पातेल्यात उकडायचे असतील तर गार पाण्यातच घालावेत, म्हणजे आत-बाहेर सारखे शिजतात. मोदकपात्राच्या चाळणीवर वाफवले तर सत्त्व पाण्यात जायचा प्रश्नच राहत नाही. किडनीच्या आजारात पोटॅशियम मोजून खावं लागतं, तिथे मात्र हाच नियम उलटा होतो. अशा रुग्णांना सोलून, फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायला सांगतात. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बटाटा खावा.

रस्सा करताना टोमॅटो, चिंच किंवा आमसूल सुरुवातीलाच घातलं तर बटाटा लवकर शिजत नाही. बटाट्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन उकळत्या पाण्यात सुटत जातं, पण आंबटाच्या सहवासात ते घट्ट राहतं. म्हणून आधी फोडी मऊ होऊ द्याव्यात आणि आंबट मागाहून घालावं. उपासाच्या भाजीवर लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावं, म्हणजे त्यातलं क जीवनसत्त्वही टिकतं.

गार बटाट्याचा चमत्कार

बटाटा शिजतो तेव्हा ६०-७० अंशांच्या सुमारास त्यातले पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. असं मोकळं झालेलं पिष्ट आतड्यात झटपट पचतं, म्हणून गरम, मऊ बटाटा रक्तातली साखर भराभर वाढवतो. तोच बटाटा गार झाला की पिष्टाच्या साखळ्यांपैकी काही पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. या भागावर पाचकरसांचं फारसं चालत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या उपकारक जिवाणूंचं अन्न होतो. त्याला प्रतिरोधक पिष्ट म्हणतात. बटाटा पुन्हा गरम केला तरी त्यातलं बरंचसं टिकून राहतं.

सकाळच्या शिफ्टच्या डब्यासाठी रात्रीच बटाटे उकडून ठेवणाऱ्या घरांत हे आपोआप घडतं. फक्त उकडलेले बटाटे ओट्यावर रात्रभर राहू देऊ नयेत. वाफ गेली की दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि सकाळी सोलून फोडणीला टाकावेत.

या गुणाचा सगळ्यांत सुंदर वापर म्हणजे दह्यातलं भरीत. चार गार बटाट्यांच्या फोडी, वाटीभर ताजं दही, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर आणि वरून चमचाभर तुपाची जिऱ्याची फोडणी. बटाट्यात प्रथिनं थोडी, ती दही आणि दाणे पुरवतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि बटाट्याची भाजी असं ताट म्हणजे पिष्टावर पिष्ट. त्याऐवजी हे भरीत, एखादं उकडलेलं रताळं आणि काकडी घेतली तर उपास अंगी लागतो. ज्यांच्या घरी उपासाला कोथिंबीर चालत नाही त्यांनी ती वगळावी.

निवड आणि साठवण

उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो. तो हिरवेपणा हरितद्रव्याचा आणि स्वतः निरुपद्रवी, पण त्याच्याच बरोबरीने सालीत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात, आणि ती उकडून किंवा तळून जात नाहीत. थोडासा हिरवा डाग किंवा लहान कोंब असेल तर तेवढा भाग जाड काढून टाकावा. बराच हिरवा, सुरकुतलेला किंवा कडू लागणारा बटाटा सरळ फेकून द्यावा.

कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. जास्त थंडीत त्यांच्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि अशा बटाट्याच्या काचऱ्या लवकर काळ्या पडतात. गोणपाटावर, अंधाऱ्या आणि हवेशीर कोपऱ्यात, कांद्यापासून वेगळे ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना घाम फुटतो आणि ते सडतात.

ताटातली जागा

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. यात बटाट्याचा अपमान नाही. तो पिष्टाचा कंद आहे, तेव्हा ताटात त्याची जागा पोळी-भाताच्या बाजूची. आपली चूक होते ती इथे. बटाट्याची भाजी, तीन पोळ्या आणि वर भात, म्हणजे एकाच घटकाच्या तीन वाढण्या. ज्या दिवशी बटाटा असेल त्या दिवशी एक पोळी कमी करावी, भात अर्धा करावा, आणि मेथी, वाटाणा, फरसबी किंवा उसळीची जोड द्यावी. मधुमेह असलेल्यांनीही प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घेतलं, तर मेथी-बटाटा किंवा गार बटाट्याचं भरीत त्यांना सहसा वर्ज्य राहत नाही.

याला महागडं यंत्र लागत नाही, परदेशी तेल लागत नाही. खोलगट झाकण, लोखंडी कढई, मोजून घेतलेलं दोन चमचे तेल आणि आदल्या रात्री उकडून ठेवण्याची सवय, एवढं ज्या घरात आहे त्या घरातल्या प्रत्येकाने बटाटा आनंदाने खावा, आणि मुलांनाही तो असाच शिजवायला शिकवावा.