भास्करबुवा बखले यांची गुरुपरंपरा

शहादें तालुक्यांतील पुरुषोत्तमनगराच्या दक्षिणेस वाहणारी तापी प्रकाशें तीर्थ मागें टाकून गुजराथेंत शिरते व सुरतेकडे जाते. त्या सुरतेजवळील कठोर या गांवीं ता. १७ ऑक्टोबर १८६९ रोजीं भास्करबुवा बखले यांचा जन्म झाला. गांव त्या काळीं बडोदें संस्थानांत होतें. बुवांचें नांव निघालें कीं बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांची आठवण प्रथम होते. परंतु शिष्यांच्या कीर्तीनें गुरूचें चरित्र झांकलें जाऊं नये, म्हणून आम्ही येथें बुवांच्या शिक्षणाचाच विचार करीत आहों. घराण्यांच्या भिंती भक्कम होत्या अशा काळीं एका महाराष्ट्रीय मुलास चार निरनिराळ्या उस्तादांची विद्या मिळाली ती कशी, आणि तिचें त्यानें केलें काय, हा खरा प्रश्न आहे.

बडोद्यास विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांकडे त्यांनीं पहिले धडे घेतले. चरित्रकार हा भाग ओझरता उल्लेखून पुढें जातात. आम्हांस तो इतका गौण वाटत नाहीं. शब्द स्वच्छ उच्चारून समुदायास धरून ठेवण्याची कला कीर्तनांत जितकी अंगवळणी पडते तितकी दरबारी तालमींत पडत नाहीं. पुढें मधुर आवाजामुळें किर्लोस्कर नाटक मंडळींत त्यांचा प्रवेश झाला. इंदूरच्या मुक्कामीं त्यांचें रंगभूमीवरील गाणें ऐकून विख्यात बीनकार बंदेअलीखां प्रसन्न झाले व त्यांनीं मुलास गंडा बांधला, अशी हकीकत शिष्यपरंपरेंत सांगतात. वयपरत्वें आवाज फुटल्यावर मात्र रंगभूमीचा आश्रय सुटला, आणि येथूनच खऱ्या तालमीस आरंभ झाला.

बडोद्याचे फैझ महंमदखां हे ग्वाल्हेर परंपरेचे. चिजेची स्थायी-अंतऱ्यासह शुद्ध मांडणी व सरळ, दाणेदार तान हा त्या गायकीचा पाया होय. आग्रा घराण्याचे नत्थनखां यांच्याकडून लयीशीं खेळ व बोलांची वांटणी हीं अंगें लाभलीं. मध्यंतरीं धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजांत संगीत शिकविण्याचें काम बुवांनीं केलें. म्हणजे पोटासाठीं अध्यापन व विद्येसाठीं शिष्यत्व हीं दोन्हीं त्यांना साधावीं लागलीं.

सर्वांत विलक्षण गोष्ट ती शेवटची. गवई म्हणून नांव झाल्यानंतर बुवांनीं अल्लादियाखां (१८५५–१९४६) यांचें शिष्यत्व पत्करलें. खांसाहेब कोल्हापूरकर शाहू छत्रपतींच्या आश्रयास होते. अनवट राग, विलंबित लयींत स्वर अखंड ठेवून बांधलेली बढत आणि वक्र, गुंतागुंतीची तान यांमुळें ती गायकी अवघड समजली जाई. बैठकी जिंकणाऱ्या गायकानें पुन्हां विद्यार्थी होऊन बसावें, यांत बुवांची ज्ञानतृष्णा जशी दिसते तसा मानापमानाचा निग्रहही दिसतो. गुणी गवयांत ही दुसरी वस्तु पहिलीहून विरळा!

उस्तादांनीं ही विद्या दिली कां? केवळ सेवेनें ते वश झाले हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. उत्तरेंतील दरबार ओसरत चालले होते. नत्थनखां म्हैसूरकडे, अल्लादियाखां कोल्हापुरास, असे मोठमोठे गवई दक्षिणेकडे येत होते. त्यांचा नवा श्रोता मराठी, गुजराथी व कानडी होता. त्या श्रोत्यांतूनच योग्य शिष्य पुढें आला असतां त्यास विन्मुख पाठविणें पूर्वीइतकें सोपें राहिलें नव्हतें.

बुवांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाहीं. त्यामुळें चार विद्यांचें मिश्रण झालें कीं एकजीव गायकी झाली, याचा निवाडा अप्रत्यक्ष साधनांवरूनच करावा लागतो. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हा ग्रंथ त्यांत महत्त्वाचा. कारण टेंबे स्वतः बुवा व अल्लादियाखां या दोघांच्याही सहवासांतले. दुसरें साधन नाटकाचें. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) व ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांचें संगीत बुवांचें. ‘स्वयंवरां’त यमन, भूप, बिहाग यांसारखे भारदस्त राग पदांत आले, तरी शब्द दबले नाहींत, येथें आम्हांस उस्तादांच्या तालमीइतकाच पिंगळेबुवांचा कीर्तनसंस्कार जाणवतो. तिसरें साधन शिष्यांचें. बालगंधर्वांची भावगर्भ पदगायकी, मास्तर कृष्णरावांची चपल कल्पकता व पंजाबांतून आलेल्या दिलीपचंद्र वेदींची रागविचारावरील निष्ठा यांत वरवर साम्य थोडेंच. एकाच सांच्यांतून तिघे निघते तर ते एकमेकांसारखे गाते. ज्यानें त्यानें आपल्या प्रकृतीस मानवेल तें उचललें, इतकें त्या गुरूपाशीं होतें, असें आमचें मत आहे.

इ. स. १९११ मध्यें पुण्यास बुवांनीं स्थापिलेला भारत गायन समाज याच वृत्तीचें फळ होय. जी विद्या मिळविण्यास त्यांना गांवोगांव हिंडावें लागलें, ती तेथें वर्गांत बसून शिकतां येऊं लागली. ता. ८ एप्रिल १९२२ रोजीं पुण्यांत बुवांचें देहावसान झालें. त्यानंतर वेदी आग्रा घराण्याच्या फैयाझखांकडे शिकावयास गेले.