तालीम, विद्यापीठ आणि फुटबॉलचा हंगाम

फुटबॉलच्या संघाला जन्म कोण देते, विद्यापीठ की पेठ? हा प्रश्न क्रीडेतिहासाचा असला, तरी त्याचे उत्तर शोधताना शब्दांच्या इतिहासाचीही साक्ष काढावी लागते. इंग्लंड व अमेरिका येथे या खेळाच्या प्रारंभीच्या घडणीत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. दक्षिण महाराष्ट्रातील संघांची नावे मात्र वेगळी हकीकत सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील निवासी शाळांतून फुटबॉल खेळला जाई, परंतु प्रत्येक शाळेचे नियम निराळे होते. चेंडू हातात घेऊन धावणे एका शाळेत विहित, तर दुसरीत निषिद्ध असे. या शाळांतील विद्यार्थी केंब्रिज येथे एकत्र आले तेव्हा खेळ जमेना, म्हणून १८४८ साली त्यांनी समाईक नियम तयार केले. पुढे १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. चेंडू घेऊन पळणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टी तिने त्याज्य ठरविल्या.

तथापि नियम छापले गेले म्हणून ते सर्वमान्य झाले असे नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला हंगाम १८६९ सालचा मानतात. तो अवघ्या दोन सामन्यांचा होता. ६ नोव्हेंबर रोजी रटगर्सने आपल्या मैदानावर प्रिन्स्टनला सहा विरुद्ध चार गोलांनी हरविले. १३ नोव्हेंबर रोजी प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर आठ गोल केले आणि रटगर्सला एकही करू दिला नाही. प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू होते, आणि प्रत्येक सामना यजमानांच्या नियमांनी खेळला गेला. प्रिन्स्टनच्या नियमांत चेंडू हवेत झेलणाऱ्यास विनाअडथळा लाथ मारण्याची सवलत होती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ठरलेला तिसरा सामना झालाच नाही. काही वर्षांतच तेथील महाविद्यालये रग्बीच्या वळणावर गेली, आणि 'फुटबॉल' या एकाच शब्दाने अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन भिन्न खेळ ओळखले जाऊ लागले.

मराठी मुलखात हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ बव्हंशी निश्चित झाला होता. जोडीदार शब्द मात्र येथलेच मिळाले. कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) तेथे कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. फुटबॉलचे संघटित सामने भरविणारी कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन १९४० सालची. तिच्या स्पर्धांत उतरणाऱ्या संघांची नावे पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. खेळ परदेशी, नाव मात्र कुस्तीच्या आखाड्याचे. पेठेतील तरुणांना एकत्र आणणारी संस्था आधीपासूनच उभी होती. फुटबॉल तिच्या आश्रयाला आला. 'हंगाम' हा पिकांचा शब्दही असाच खेळाकडे आला.

'तालीम' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ शिकविणे, आणि 'इल्म' म्हणजे ज्ञान हा त्याचा सगोत्र. फारसीच्या द्वारे तो मराठीत आला आणि येथे त्याचा अर्थ शरीराकडे वळला: प्रथम अभ्यास वा सराव, मग सरावाची जागा, मग त्या जागेभोवती जमणारे मंडळ. 'नाटकाची तालीम' या प्रयोगात पहिली छटा आजही जिवंत आहे. सोलापुरात हे अर्थांतर एका शहरातच पाहावयास मिळते. उर्दू शाळेत 'तालीम' म्हणजे शिक्षण; पाणीवेस तालीम किंवा पत्रा तालीम म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पेठेचे मंडळ उभे राहते. मात्र सोलापूरच्या तालमींची ओळख मुख्यतः लेझीम व गणेशोत्सव यांच्याशी जोडली गेली. यावरून असे दिसते की, संस्था एकच असली तरी ती कोणत्या खेळाला आसरा देईल हे गावागणिक ठरते.

याउलट विद्यापीठाचा संघ कसा बनतो ते पाहू. सोलापूरचे दयानंद महाविद्यालय १९४० साली निघाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आणि २००४ पासून सोलापूरच्या स्वतंत्र विद्यापीठाकडे आली. म्हणजे सोलापूरच्या विद्यार्थी-खेळाडूने साठ-पासष्ट वर्षांच्या अवधीत चार विद्यापीठांचे नाव लावले. १९६२ ते २००४ या काळात तर विद्यापीठाच्या निवडीसाठी तो आणि तालमीच्या फुटबॉलमध्ये वाढलेला कोल्हापूरचा विद्यार्थी एकाच पंक्तीत उभे होते. विद्यापीठाची हद्द कायद्याने ठरते व कायद्याने बदलते. पेठेची हद्द तिच्या रहिवाशांच्या मनात असते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी द्यावे लागते. अनोळखी माणसांना एकत्र खेळता यावे असे समाईक नियम विद्यापीठीय वातावरणात आकाराला आले. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा संघ मात्र कोल्हापुरात पेठेने उभा केला, आणि त्यासाठी तिने जो शब्द वापरला तो मुळात विद्येचाच होता. विद्यापीठीय खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ निकालपत्रके चाळून भागणार नाही. खेळाडू कोणत्या महाविद्यालयाचा, याबरोबरच तो कोणत्या तालमीचा, ही नोंदही त्याने केली पाहिजे. कारण ती माहिती विद्यापीठाच्या दप्तरात सहसा उतरत नाही, आणि ती सांगणारी माणसे गेली की ती परत मिळत नाही.