हाचिकोची जात आणि खानदेशातले ऊन

जपानमधल्या हाचिको या कुत्र्याची गोष्ट मोबाइलमुळे आता आपल्या मुलांनाही पाठ झाली आहे. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर तो रोज मालकाची वाट पाहत असे. १९२५ मध्ये मालक प्राध्यापक उएनो वारले, तरी १९३५ मध्ये मरेपर्यंत हाचिको तिथे येत राहिला. त्याची जात अकिता. चिंचपाड्यालाही रेल्वे स्टेशन आहे. गोष्ट पाहून मुले "अब्बा, आपणही असा कुत्रा आणू या" म्हणतात, यात नवल नाही.

आधी दीन काय सांगतो ते पाहू. गुरांची राखण, शेती आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवण्याची परवानगी आहे. केवळ हौसेसाठी ठेवल्यास सवाबात रोज घट होते, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुण्याचाही उल्लेख आहे. पाकीचे तपशील आपल्या आलिमांना विचारावेत.

आता त्या मुक्या जिवाची बाजू. अकिता हा उत्तर जपानच्या बर्फाळ प्रदेशातला. अंगावर केसांचे दोन थर. वरचा राठ, आतला लोकरीसारखा दाट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात किंवा अंगणात साखळीला बांधलेल्या अकितासाठी हा जुलूमच आहे.

ज्यांच्या घरी असा दाट केसांचा कुत्रा आधीच आहे, त्यांनी हे सांभाळावे :

• केस भादरू नयेत. तेच उन्हापासूनही बचाव करतात. रोज विंचरावेत.
• फिरवणे फजरनंतर लगेच किंवा मगरिबनंतर. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टिकत नसेल, तर त्याचे पायही भाजतात.
• खूप धापा, घट्ट लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे. सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्य गाठावा.
• उरलेली बिर्याणी देऊ नये. कांदा-लसूण त्याला विषारी असतो. शिजवलेली हाडे फुटून आतडे फाडू शकतात.
• रेबीजची लस वेळेवर टोचावी. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

शेताची राखण हवी असेल, तर आपल्या हवेत वाढलेला गावरान कुत्रा पुरेसा आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची मगफिरत झाली, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे. मुलांना हाचिकोची माया वाटते ना? मग त्यांच्या हातून उन्हाळाभर दाराबाहेर पाण्याचे एक पसरट भांडे भरून ठेवावे. त्यासाठी कुत्रा विकत आणावा लागत नाही.