आद्याक्षरांमागची संपादिका

इ. स. १८५४ मध्ये कॅनडातील टोरँटो शहरातून ‘प्रॉव्हिन्शियल फ्रीमन’ नावाचे एक साप्ताहिक निघत असे. त्याच्या कचेरीत येणाऱ्या पुष्कळशा पत्रांवर ‘मिस्टर शॅड’ असे नाव असे. ती पत्रे उघडणारी व्यक्ती मात्र तिशीतील एक अविवाहित कृष्णवर्णीय शिक्षिका होती. मेरी अ‍ॅन शॅड हे तिचे नाव.

मेरीबाईंचा जन्म ९ ऑक्टोबर १८२३ रोजी अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे झाला. शॅड कुटुंब गुलामगिरीत नव्हते. वडील पादत्राणे तयार करीत आणि पळून आलेल्या गुलामांना घरी आसरा देत. १३ भावंडांत मेरीबाई थोरल्या. १८५० साली अमेरिकेत फरारी गुलामांविषयीचा कठोर कायदा झाला. कोणी ‘हा माझा पळालेला गुलाम’ असा दावा लावला, तर त्या बिचाऱ्याची स्वतःची साक्षदेखील ग्राह्य धरली जात नसे. मग जन्माने स्वतंत्र असणाऱ्यांनी तरी निर्धास्त कसे राहावे? कॅनडा ब्रिटिश अमलाखाली होता व तेथे गुलामगिरी १८३४ सालीच संपली होती. हजारोंनी तिकडची वाट धरली. मेरीबाईही १८५१ मध्ये सीमेवरील विंडसर गावी गेल्या आणि त्यांनी शाळा काढली.

तेथे त्यांचा खटका उडाला तो आपल्याच लोकांतील एका वजनदार संपादकाशी. निर्वासितांच्या नावाने देणग्या गोळा करीत हिंडणे मेरीबाईंना भिक्षेसारखे वाटे. वर्णावरून मुलांच्या शाळा वेगळ्या असाव्यात हेही त्यांना मान्य नव्हते. संपादक हेन्री बिब यांनी आपल्या पत्रातून त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पुढे शाळेला मिळणारे मिशनचे साहाय्यही बंद झाले. उत्तर द्यायचे, तर छापायचे कोठे? २४ मार्च १८५३ रोजी त्यांनी स्वतःच्या पत्राचा पहिला अंक काढला. संपादक म्हणून नाव दिले सॅम्युएल वॉर्ड या विख्यात वक्त्यांचे. स्त्रीच्या नावाने पत्र खपणार नाही, हा हिशेब त्यामागे होता.

एक अंक निघाला, पण पुढच्या अंकांसाठी वर्गणीदार हवे होते. ते मिळवण्यासाठी मेरीबाई गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. १८५४ च्या मार्चपासून पत्र आठवड्याच्या आठवड्याला निघू लागले. कागद, शाई, छपाई यांचा खर्च ज्यांनी सोसला आहे, त्यांना त्या वर्षभराच्या पायपिटीची किंमत वेगळी सांगायला नको. स्वावलंबन हाच स्वातंत्र्याचा खरा मार्ग, हे पत्राचे ब्रीद होते, आणि ते चालकबाईंनाच आधी लागू पडले.

अखेर त्यांनी पत्रातूनच वाचकांना कळवले, की ‘मिस्टर’ लिहू नका, येथे एक स्त्री आहे. नाव उघड होताच कुरबूर सुरू झाली. १८५५ मध्ये पत्र चॅटॅम गावी हलले आणि संपादकपद एका पाद्रीसाहेबांकडे गेले. लेख तेच होते, बुद्धीही तीच होती. खटकली ती केवळ स्वाक्षरी. निरोप घेताना मेरीबाईंनी आपल्या भगिनींना कळवले, की वाट आता मोकळी झाली आहे, ज्यांच्या अंगी इच्छा व पात्रता असेल त्यांनी खुशाल संपादनात पडावे. स्वतः त्या मात्र घरी बसल्या नाहीत. वर्गणी जमवण्यासाठी त्या अमेरिकेतही दौरे करीत राहिल्या. भाऊ आयझॅक आणि बहीण अमेलिया यांचा पत्राला हातभार होताच.

१८५६ मध्ये टॉमस कॅरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चारच वर्षांत वैधव्य आले. पैशाअभावी पत्रही बंद पडले. यादवी युद्धात मेरीबाई अमेरिकेत परतल्या आणि कृष्णवर्णीय पलटणींसाठी सैनिक भरती करू लागल्या. नंतर वॉशिंग्टनमध्ये शिक्षिकेची नोकरी सांभाळून त्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकल्या. १८८३ साली, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ती पदवी मिळवली. या वेळी प्रमाणपत्रावर ‘मिस्टर’ लिहिण्याची कोणाला गरज पडली नाही. ५ जून १८९३ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.