रिपोर्टमधला आकडा आणि माझी एक चूक

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र आमच्या घरातला आहे.

मागच्या वर्षी माझ्या मामाचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. मामीनेच आपल्या लिव्हरचा भाग दिला. उरलेलं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा वाढतं, म्हणून हे शक्य होतं. ऑपरेशन झालं की सुटलो, असं मला वाटलं होतं. पण खरी परीक्षा नंतरच असते. शरीर नवीन लिव्हरला परकं समजून त्यावर हल्ला करतं. यालाच रिजेक्शन म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांत हा धोका जास्त, आणि पेशंटला बरेचदा काहीच जाणवत नाही. मग कळणार कसं?

रक्तातल्या खुणांवरून, म्हणजेच बायोमार्कर्सवरून. चालू बॉयलरच्या आत आपल्याला डोकावता येत नाही, म्हणून आपण प्रेशर आणि टेंपरेचर मोजतो ना, तसंच हे. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की एएलटी आणि एएसटी ही एन्झाइम्स रक्तात उतरतात. पित्तनलिकेत अडथळा आला की बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी वाढतात. पण अडचण अशी, की रिजेक्शन असो, व्हायरस असो की एखादं औषध बाधलेलं असो, एएलटी सगळ्यांतच वाढू शकतो. आणि उपाय तर अगदी उलटे! रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, तर इन्फेक्शनमध्ये बरेचदा थोडी मोकळी सोडायची. म्हणून संशय आला की बायोप्सी करतात, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासतात.

दुसरा आकडा टॅक्रोलिमसचा. प्रतिकारशक्ती दाबणारं हे औषध १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. रक्तात ते कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर किडनीला धोका आणि हाताला कंप. म्हणून त्याची लेव्हल मोजतात, आणि तीही पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी, लेव्हल सर्वांत खाली असताना.

इथेच माझी चूक झाली. एका सकाळी मामाला रक्त द्यायला मी नेणार होते. गोळी चुकू नये म्हणून निघण्याआधी मीच ती त्याच्या हातावर ठेवली. लेव्हल नेहमी आठच्या आसपास यायची, ती आली एकोणीस! डोस कमी करायचं ठरतच होतं, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी घेतली होती?" माझा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी गोळीच्या आधी रक्त दिलं, तर लेव्हल साडेसात. आदल्या दिवशी डोस कमी झाला असता तर? सॅम्पलिंगची वेळ महत्त्वाची असते हे मी परीक्षेत लिहिलं होतं, समजलं मात्र त्या दिवशी.

आता एक नवीन मार्करही आला आहे. दात्याच्या लिव्हरमधल्या मरणाऱ्या पेशींचा डीएनए पेशंटच्या रक्तात मिसळतो. १९९८ साली हाँगकाँगच्या डेनिस लो यांच्या टीमने पुरुषांचं लिव्हर मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तात वाय क्रोमोसोमचा डीएनए शोधून दाखवला. आमच्याकडे दाता मामी, त्यामुळे ही युक्ती चालणार नाही. पण आता दोघांच्या डीएनएमधले बारीक फरक ओळखूनही हे मोजता येतं. हा डीएनए काही तासांतच रक्तातून नाहीसा होतो, म्हणून तो ताजी बातमी देतो. तरीसुद्धा तो सांगतो इजा झाल्याचं. कारण शोधावं लागतं डॉक्टरांनाच.

मामी आता एका वहीत प्रत्येक रिपोर्ट उतरवते. तारीख, गोळीची वेळ, रक्त दिल्याची वेळ आणि मग आकडा. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते. तुमच्या घरी कोणी असं पेशंट असेल, तर अशी एक वही जरूर ठेवा. आणि रक्त देण्याआधी गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना नक्की विचारा.