एकनळी बंदुकीस नवा लांकडी दस्ता

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं परवान्यावर बंदूक बाळगणारे शेतकरी आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. अशा बंदुकीचें लोखंड दोन पिढ्या टिकतें; दस्ता मात्र मानेशीं, म्हणजे मूठ धरावयाच्या ठिकाणीं, तडकतो. मग त्यावर तार गुंडाळून वेळ भागविली जाते. प्रस्तुत लेखकानें महसूल कचेरींत परवान्यांचे कागद चाळण्यांत बरींच वर्षें घालविलीं. तपासणीस आलेल्या बंदुकांपैकीं तारेनें जखडलेल्या किती पाहिल्या याची गणती नाहीं. तार लांकूड आवळून धरते खरी, परंतु बार उडतांना मागें येणारा धक्का तिला सोसत नाहीं. आणि ऐन वेळीं मान तुटली म्हणजे इजा होते ती उडविणाराच्या तोंडास.

प्रथम कायद्याविषयीं दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ अन्वयें बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घेतली पाहिजे. गांवचा सुतार कितीही कसबी असो, बंदूक त्याच्या हवालीं करूं नये. ती दुसऱ्या माणसाबरोबर दुरुस्तीस पाठवावयाची झाल्यास कलम ३ प्रमाणें परवानेदाराचें लेखी अधिकारपत्र त्याच्याजवळ असावें लागतें. नुसतें "आमच्या गड्यास पाठविलें होतें" हें उत्तर चौकशींत टिकत नाहीं. कारागिराकडून पोंच घ्यावी व तींत बंदुकीचा क्रमांक अवश्य घालून घ्यावा.

मग शेतकऱ्याच्या हातीं काय उरतें? लांकूड निवडणें, आणि झालेलें काम पारखून घेणें.

दस्त्यास अक्रोडासारखें लांकूड नाहीं. तें फार जड नसून चिवट असतें व लोखंडाच्या कडेशीं बारीक खोदकाम सहन करतें. शिसवीही चालते, पण बंदूक जड होते. सागवान उभें चिरतें, म्हणून मी तें पसंत करीत नाहीं. जात कोणतीही असो, मानेतून जाणाऱ्या रेषा लांबीच्या दिशेनें सरळ असाव्या. त्या तिरप्या जात असतील तर तो ठोकळा दिसावयास कितीही सुंदर असला तरी नाकारावा. लांकूड सावलींत, दोन्ही टोकांस मेण लावून वाळवावें. जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. आमच्या घरच्या बंदुकीस एका कारागिरानें ऐन पावसाळ्यांत ओलसर लांकूड बसविलें. चैत्राच्या उन्हांत तें आकसलें आणि दस्ता खुळखुळ्यासारखा हलूं लागला. पैसे गेले ते गेलेच, शिवाय तें साल बंदुकीवांचून काढावें लागलें.

आतां बसविण्याची रीत. इंग्रजी फौजेनें १८७१ सालीं स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल, अथवा त्याच यंत्राची ग्रीनर कंपनीची जी. पी. बंदूक घ्या. हिच्या दस्त्याचें पुढील टोंक लोखंडी खोबणींत शिरतें, आणि मागून दस्त्याच्या पोटांतून जाणारा एक लांब बोल्ट दोहोंस आवळून धरतो. येथें भोंक आधीं व आकार मागाहून, हाच क्रम पाहिजे. आधीं दस्ता घडविला आणि मग गिरमीट जरा वांकडें गेलें, तर सर्व श्रम फुकट जातात.

खोबणीस तेलांत कालविलेलें काजळ लावून लांकूड दाबतात. काळा डाग पडेल तेवढेंच पटाशीनें खरवडतात, आणि पुनः दाबतात. हें काम कंटाळवाणें आहे, आणि आळशी कारागीर येथेंच उघडा पडतो. धक्का घ्यावयाचा तो लांकडाच्या सपाट तोंडानें, सर्व बाजूंनीं सारखा. तें तोंड नीट न टेकतां लोखंड केवळ एका कडेवर रेटलें, तर तें पाचरीसारखें काम करतें व मान पुनः फाटते. ज्या बंदुकींत लोखंडाची शेपटी वरून लांकडांत बसविलेली असते, तेथें शेपटीच्या मागच्या टोंकाशीं कागदाएवढी फट मुद्दाम ठेवितात, तीही याच कारणानें. म्हणून काम घेतांना दस्ता उतरवून दाखविण्यास सांगावें आणि काजळाचे डाग स्वतः पाहावे.

चापापासून दस्त्याच्या मागील कडेपर्यंत मध्यम बांध्याच्या माणसास सुमारें १४ इंच लांबी पुरते. परंतु राखणीस बसणारानें अर्धा इंच कमी ठेवावी. थंडींत खांद्यावर घोंगडी असतां लांब दस्ता तींत अडकतो.

शेवटीं जवसाचें पक्कें तेल पातळ हातानें, प्रत्येक थर वाळूं देऊन, चार-पांच वेळां लावावें. आंतील खोदलेला भाग व मागील पत्र्याखालचें लांकूड बहुधा कोरडेंच राहतें, आणि ओल शिरते ती तेथूनच. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यांत भिजवून मोकळ्या जागीं पसरून वाळवाव्या. दस्ता बसविल्यावर महिन्याभरानें, नळी रिकामी असल्याची खात्री करून, तो हातानें हलवून पाहावा. किंचितही हलला तर बार न काढतां बंदूक परत कारागिराकडे न्यावी.